नऊ फूट दोन इंच

मलकापुरात हायवेकडच्या कॉलनीत जानराव तायड्यांच्या गॅरेजला शटर बसवायचं ठरलं, तेव्हा त्यात भिण्यासारखं काही असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. शटर म्हणजे पत्रा. तो वर जातो, खाली येतो, आणि जाता-येता दोन गल्ल्यांची दुपारची झोप मोडतो, यापलीकडे त्याला काही स्वभाव नसतो.

शटरची गरज वानरांमुळे पडली. गॅरेजला तीन बाजूंनी भिंती होत्या, वर स्लॅब होता आणि समोरची बाजू सताड उघडी. जानरावांनी निवृत्तीनंतर हौसेनं पांढरी गाडी घेतली आणि त्या उघड्या गॅरेजात लावली. पहिल्याच आठवड्यात एका वानरानं गाडीच्या आरशात स्वतःला पाहिलं, त्याला ते रूप इतकं पसंत पडलं की तो आरसा उपटून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या आरशासाठी आला, तेव्हा जानराव नेमके बनियनवर होते. बनियनवरचा माणूस काठी घेऊन वानरामागे गल्लीभर पळाला की त्याची तीस वर्षांची सरकारी इभ्रत राहत नाही. म्हणून शटर.

नांदुऱ्याला कुलदीप नावाच्या तरुण माणसाचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. जानरावांनी फोन केला.

"काका, मी येतो अन् माप घेतो," कुलदीप म्हणाला. "रुंदी तीन जागी पाह्य लागते. वर, मंधात अन् खाली. उंची दोन्ही बाजूनं. सगळ्यात कमी जे निंघन, तेच धरा लागते."

कुलदीपला ठाऊक नव्हतं, पण त्यानं नको त्या जागी हात घातला होता. जानराव भूमापक होते. तालुक्यात बांधावरून कुऱ्हाडी निघायची वेळ आली की दोन्हीकडचे लोक म्हणायचे, 'तायडे साहेबाले बोलवा, ते म्हणतीन ते.' त्यांच्या मोजणीवर आजवर एकही अपील झालेलं नव्हतं. असा माणूस दाराचं माप दुसऱ्याकडून घेववील?

"कुलदीप," ते शक्य तितक्या थंडपणे म्हणाले, "माप मी सांगतो. तू फक्त पत्रा काप."

माप घ्यायला त्यांनी पत्नीला हाक मारली. सुवर्णाबाई जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका. मे महिन्याची सुट्टी होती म्हणून घरी होत्या, आणि घरी असल्या तरी मुख्याध्यापिकाच होत्या. त्यांनी टेपचं एक टोक डाव्या कॉलमला धरलं, जानरावांनी दुसरं उजव्याला. वर मोजलं, मध्ये मोजलं, खाली मोजलं. तिन्ही ठिकाणी नऊ फूट दोन इंच. जानरावांना गहिवरून आलं.

"पाह्यलं? मिस्त्री इमानदार होता. असं सारखं माप आजकाल येत नाई."

"सोडू काय टोक? उन्हात उभी हाय मी," सुवर्णाबाई म्हणाल्या.

आता कॉलनीत काही करायचं म्हणजे रहिवासी मंडळाची परवानगी लागायची. मंडळ म्हणजे सचिव, आणि सचिव म्हणजे शेजारचे उकंडराव खर्चे. या मंडळाला अध्यक्षही होते, पण ते मुलाकडे नाशिकला राहायचे आणि संक्रांतीला तिळगुळाचे फोटो पाठवायचे. उकंडरावांनी अर्ज मागितला. अर्जात 'उघड्या भागाचे अचूक माप' लिहायला लावलं. मग तो वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "जानराव भाऊ, आपलं घरचं हाय, पण नियम म्हंजे नियम. मंजूर माप नऊ फूट दोन इंच. यात अर्धा इंच इकडचा तिकडं झाला तर मले मंडळाले जवाब द्या लागते."

"होत नाई," जानराव म्हणाले. आपल्या शब्दावर हा माणूस अर्ध्या इंचाची शंका काढतो, याचंच त्यांना हसू आलं.

शटर टेम्पोतून आलं. कुलदीप आणि त्याच्या दोन माणसांनी दोन्हीकडच्या, पत्रा सरकण्यासाठीच्या गाईडच्या पट्ट्या उभ्या केल्या, पत्रा लावून पाहिला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग कुलदीपनं खिशातून टेप काढली. जानराव व्हरांड्यात चहा घेत होते. टेप पाहून त्यांनी कप खाली ठेवला.

"काका, नऊ फूट एक इंच भरून राह्यलं."

"तुझी टेप खोटी असन."

"तुमची आणा ना मंग."

जानरावांनी आपली आणली. नऊ फूट एक इंच. वर एकच्या जरासं आत, मध्ये एक, खाली एक. त्यांनी टेपचा हूक पाहिला, टेप गुंडाळली, फुंकर मारली, पुन्हा मोजलं. पोलादी टेप उन्हात वाढते आणि वाढलेली टेप माप कमी दाखवते, हे शास्त्र त्यांनी कुलदीपला उभ्या उभ्या सांगितलं. पण ती वाढ केसाएवढी असते, अंगठ्याएवढी नसते, हे त्यांचं त्यांनाच माहीत असल्यानं शास्त्र अर्ध्यातच थांबलं.

"होते काका," कुलदीप दिलासा द्यायला गेला. "मानूस घाईत असला की होते."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी जानरावांना मापाबद्दल दिलासा देत होतं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

शटर कापायला परत नांदुऱ्याला गेलं. गॅरेज पुन्हा उघडं राहिलं आणि कॉलनीत सल्ल्यांची रेलचेल सुरू झाली. कुणी म्हणालं सरकतं दार लावा, कुणी म्हणालं पडदा टाका, एकानं तर वानराला घाबरवायला वाघाचं पोस्टर सुचवलं. उकंडरावांनी फाटकातूनच सांगितलं, "नवा अर्ज लागन भाऊ. मंजूर माप एक अन् हजर माप दुसरं, असं नाई चालत." तीस वर्षं लोकांना हेच वाक्य ऐकवलेल्या जानरावांना ते ऐकताना कसं लागतं, हे आता कळलं.

गॅरेजात काहीतरी बिघडलंय, असं जानरावांना पहिल्यांदा वाटलं ते एका दुपारी. मलकापुरात मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर जीव नसतो. घराघरातून कूलरची घरघर तेवढी येते, आणि लांबून मालगाडीचा भोंगा. जानराव गाडीतून पाण्याची बाटली आणायला गेले होते. गॅरेजात पाऊल टाकलं आणि त्यांना ऐकू आलं, 'कट्'.

कुणीतरी बोटं मोडावीत तसा आवाज. एकच.

ते थांबले. गाडीखाली पाहिलं. कॉलनीतला भुरा कुत्रा एरवी दुपारभर तिथं पसरलेला असायचा, तो आज रस्त्यापलीकडे उन्हात बसला होता आणि गॅरेजकडे एकटक पाहत होता. जानरावांनी त्याला चुचकारलं. तो उठला, दोन पावलं आला, मान खाली घातली आणि मागे फिरला.

मग त्यांच्या घोट्याला गार लागलं. बाहेर उन्हानं डांबर वितळत होतं आणि इथं पायाला गारवा. डाव्या कोपऱ्यात, भिंत आणि फरशी जिथं मिळतात तिथं, बोट जाईल एवढी फट दिसत होती. जानरावांनी वाकून तिच्यावर हात धरला. आतून वारा येत होता. अगदी हळू, मध्येच थांबून, पुन्हा. झोपलेल्या माणसाच्या नाकासमोर हात धरल्यावर लागतो तसा. आणि त्याला ओल्या मातीचा, कुजल्या पानांचा वास होता.

जानराव बाटली न घेताच घरात आले.

"काय झालं?" सुवर्णाबाईंनी विचारलं.

"काई नाई. तिथं गार लागते."

"मंग माठ तिथंच ठेवू. इथं पानी गार होऊन नाई राह्यलं," सुवर्णाबाई म्हणाल्या, आणि खरोखरच माठ नेऊन त्या कोपऱ्यात ठेवला. पाणी इतकं गार झालं की दातांना झोंबायचं. जानरावांनी त्यातला एक घोटही घेतला नाही.

गॅरेज आपोआप लहान होतंय, हे त्यांना बोलून दाखवता येईना. अशा गोष्टी मनात ठेवल्या की माणूस गप्प होतो, आणि बोलल्या की लोक गप्प होतात. पण घरात कुजबूज सुरू झालीच. एका संध्याकाळी सुवर्णाबाई स्वयंपाकघरात पुण्याच्या मुलाशी, संघर्षशी, फोनवर बोलत होत्या. फोन स्पीकरवर होता, हात कणकेत होते.

"आई, आजोबांचंही असंच सुरू झालं होतं ना?" संघर्षचा आवाज आला. "आधी आकडे विसरायचे. मग घर. मी तारीख घेऊ का डॉक्टरांची? त्यांना सांगू नको, रुटीन चेकअप म्हण."

कणीक मळण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

दाराआड जानराव उभे होते. त्यांचे वडील शेवटी शेवटी स्वतःच्या घराच्या दारात उभे राहून विचारायचे, 'हे कोनाचं घर हाय बाप्पा?' आणि कुणी 'तुमचंच' म्हटलं तर हसायचे, माणूस आपली थट्टा करतोय असं समजून. ते हसू जानरावांना कधी विसरता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. सुवर्णाबाई अंघोळीला गेल्या की ते टेप काढायचे. जेवणाचं टेबल मोजायचे, पलंग मोजायचे, फ्रिज मोजायचे, आणि दुसऱ्या दिवशी तोच आकडा येतो का ते पाहायचे. यायचा. पलंग कालच्याएवढाच होता. फ्रिजचा तर एक सूतही फरक नव्हता. म्हणजे डोळे ठीक, टेप ठीक, डोकं ठीक. तरी खात्री पटेना, म्हणून पहाटे फिरायला जाताना त्यांनी उकंडरावांचं फाटक मोजलं. सलग दोन दिवस. तिसऱ्या दिवशी उकंडराव कुंडीआड उभेच होते.

"जानराव भाऊ, काऊन मोजून राह्यले माहं फाटक?"

जगात या प्रश्नाला एकही बरं उत्तर नाही. जानराव म्हणाले, "छान हाय. मोजावं वाटलं." आणि ताठ मानेनं पुढे गेले. संध्याकाळपर्यंत ही बातमी कॉलनीभर झाली. लोक त्यांच्याशी सावकाश, मोठ्यानं आणि फार गोड बोलायला लागले.

अन्नपूर्णाबाई तेवढ्या गोड बोलल्या नाहीत. कॉलनीमागं त्यांचा मळा होता. वांगी, भेंडी, कोथिंबीर घेऊन त्या रोज दारावर यायच्या. त्या दिवशी भाजी तोलता तोलता त्यांनी गॅरेजात डोकावून पाहिलं आणि तराजू खाली ठेवला.

"साहेब, ह्या जागेले काई तरी पाह्यजे."

"शटर पाह्यजे," जानराव म्हणाले.

"तसं नाई. एक लिंबू ठेवून पाहा उंबऱ्यावर. बाहेरचं काई असन तं कळन, नसन तं तुमचं काय जाते?"

"आमच्यात हे चालत नाई, अन्नपूर्णाबाई."

"लिंबू माह्यं हाय ना," म्हणत त्यांनी टोपलीतलं एक लिंबू काढलं आणि गॅरेजच्या मधोमध ठेवलं. "मी ठेवलं. तुमी ठेवलं असं म्हनू नोका."

जानराव त्यांना विज्ञानावर काही सुनावणार, तेवढ्यात लिंबू हललं. आधी नुसतं वळलं, जणू कूस बदलावी. मग लागलं घरंगळायला. सावकाश, कुठलीही घाई नसल्यासारखं, गाडीच्या चाकाला वळसा घालून ते डाव्या कोपऱ्यात गेलं, माठाला टेकलं आणि थांबलं.

अन्नपूर्णाबाईंनी अर्धा किलो वांगी, तराजू आणि एक चप्पल तिथंच सोडली.

"उतार हाय फरशीले," जानराव पाठमोऱ्या अन्नपूर्णाबाईंना ओरडून म्हणाले. पण म्हणताना त्यांना आठवलं की परवापरवापर्यंत गाडी धुतल्यावर पाणी रस्त्याकडे वाहायचं. उतार होता, पण तो बाहेर होता.

त्यांनी घरातून ओळंबा आणला आणि डाव्या कॉलमला लावला. दोरी वर कॉलमला चिकटलेली, खाली बोटभर दूर. कॉलम मान झुकवून आत पाहत होता.

कुलदीप कापलेलं शटर घेऊन आला, तेव्हा जानरावांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. उकंडराव सचिव म्हणून आले. अन्नपूर्णाबाई चप्पल न्यायला आल्या होत्या, त्या रस्त्यावरच थांबल्या. सुवर्णाबाई व्हरांड्यात. ऊन माथ्यावर होतं.

"मी हात लावत नाई," जानराव म्हणाले. "तुमीच मोजा."

एक टोक कुलदीपनं धरलं, दुसरं उकंडरावांनी. उकंडरावांनी आकडा वाचला, चष्मा वर केला, पुन्हा वाचला.

"नऊ फूट."

कूलर कुठंतरी बंद पडला असावा, कारण एकदम फार शांत झालं.

"नऊ फूट एक होतं," कुलदीप शेवटी म्हणाला. "मीच पाह्यलं होतं. काका, मीच पाह्यलं होतं ना?"

जानरावांना वाटलं, आता तरी कुणी म्हणेल की तायड्यांचं डोकं शाबूत आहे. पण माणसाचा स्वभाव असा की न समजणारं काही समोर आलं, तर तो ते समजून घेण्याआधी निकालात काढतो. उकंडराव म्हणाले, "मले वाटते टेप ढिली धरली गेली," आणि तिसऱ्या अर्जाची आठवण करून दिली. कुलदीप म्हणाला, "कॉलम वाकडा हाय, मिस्त्रीचं काम. आपण पट्ट्या आतून घेऊ, पत्रा दाबून बसवू. बसते."

दाबून बसवला. ठोकाठोक झाली, ड्रिल फिरलं, भिंतीचा भुगा उडाला. प्रत्येक ठोक्यासरशी खालून 'कट्' असा जबाब येत होता, पण ठोकणाऱ्यांना तो ऐकू जात नव्हता. शेवटी गाडी आत घेतली. कुलदीपनं शटर वरून ओढलं.

"काका, आतून पाहा बरं, बाजूनं उजेड येते काय."

जानराव आत गेले, उजवीकडे गाडी आणि भिंतीच्या मध्ये उभे राहिले. शटर खाली आलं आणि जमिनीला टेकलं. कडेनं उजेडाची एक बारीक रेघ उरली.

"ठीक हाय!" जानराव ओरडले. "खोल आता."

बाहेरून ओढल्याचा आवाज आला. पुन्हा आला. मग कुलदीपचा आवाज, दबका, "अरे, अटकलं."

अंधार नीट दिसायला लागला. जानरावांसमोर उजेडाची ती रेघ होती, आणि ते पाहत असतानाच ती बारीक होत गेली. कुणीतरी बाहेरून बोटानं पुसत असल्यासारखी, खालून वर. मग ती उरलीच नाही.

गार वारा आता घोट्याशी नव्हता, गुडघ्याशी होता. आणि त्या काळोखात, डाव्या कोपऱ्यात, माठ जागच्या जागी कलला. पाणी सांडल्याचा आवाज आला. पण ते फरशीवर पसरलं नाही. ते कुठंतरी जात होतं. पाठोपाठ एक खडा निसटला. तो पडल्याचा आवाज आला नाही. जानराव वाट पाहत राहिले. बऱ्याच वेळानं, फार खालून, आवाज आला.

'डुबुक.'

त्यांच्या मानेवरचे केस उभे राहिले. आणि त्याच क्षणी त्यांना हसूही आलं, कारण गेल्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा सगळं बरोबर जुळलं होतं. गारवा, वास, लिंबू, कॉलम. भूत नव्हतं. डोकंही गेलेलं नव्हतं. ही सगळी कॉलनी कुणाच्या तरी शेतावर उभी होती आणि शेताला विहीर असतेच. प्लॉट पाडणाऱ्यानं ती बुजवली नव्हती, झाकली होती. आणि जानराव त्या झाकणावर उभे होते.

"विहीर हाय!" ते ओरडले. "खाली विहीर हाय! मले बाहेर काढा!"

बाहेर उकंडरावांचा आवाज आला, तोच मोठा, गोड, सावकाश आवाज. "जानराव भाऊ, घाबरू नोका! अंधारात असं वाटते मानसाले! रामराम म्हना, नाईतर तुमचं ते बुद्धं सरणं म्हना! आत विहीर कोठून येईन?"

"काका, श्वास घ्या लंबा," कुलदीप म्हणाला.

जानरावांना कळलं की त्यांचं कुणी ऐकणार नाही. ते आरडाओरडा करतील तेवढे आणखी वेडे ठरतील. गाडीचा मागचा भाग हळूच खाली बसला. त्यांनी पाठ भिंतीला चिकटवली आणि आयुष्यभर शेतकऱ्यांना निकाल सांगताना लावायचे तो आवाज लावला.

"सुवर्णा. खडा पडला. बऱ्याच वेळानं पानी वाजलं. मी चुकत नाई."

मग मुख्याध्यापिकेचा आवाज आला, ज्या आवाजावर चौथीचा अख्खा वर्ग जागी बसायचा.

"ऐकलं नाई काय? ते म्हनतात विहीर हाय, तं विहीर हाय. अन्नपूर्णाबाई, सब्बल आणा. कुलदीप, पत्र्याची काळजी करू नोको, खालून उचल. उकंडराव, तुमी बाजूले व्हा, नाईतर हात लावा. अर्ज मंग देतो."

अन्नपूर्णाबाई मळ्यातून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन अनवाणी धावत आल्या. पत्र्याखाली सब्बल शिरली. कुलदीप, सुवर्णाबाई आणि, हे सांगायलाच हवं, उकंडराव असे तिघं तिच्यावर लोंबकळले. पत्रा वाकला, वीतभर, मग हातभर वर आला. उजेड आत आला आणि त्या उजेडात जानरावांना दिसलं की डाव्या कोपऱ्यात कोपराच नव्हता.

ते पोटावर पडले आणि सरपटले. पत्र्याच्या कडेत शर्ट अडकला. तो तसाच फाटू दिला. सुवर्णाबाईंनी दोन्ही हात धरून त्यांना ओढलं, आणि बनियनवरचे जानराव पुन्हा एकदा भर रस्त्यात, सगळ्या कॉलनीसमोर पालथे पडले.

मागे मोठा आवाज झाला नाही. सगळ्यांना नंतर तेच आठवत राहिलं. फरशी तुटली नाही, ती नुसती गेली. सडक्या लाकडांचा एक लांब उसासा आला, डावा कॉलम हळूच आत झुकला, शटर कागदासारखं चुरगळलं आणि त्यामागून गाडी शांतपणे, मागच्या बाजूनं, जमिनीत उतरली. मग फार खालून पाणी उसळल्याचा आवाज.

आणि मग हॉर्न सुरू झाला. बुडालेल्या गाडीचा हॉर्न जमिनीच्या पोटातून येत होता, लांबलचक, न थांबणारा. लोक घराघरातून बाहेर आले. धूळ बसल्यावर काहींनी वाकून पाहिलं. दगडानं बांधलेली, काळी विहीर होती. तिच्या तळाशी पाण्याखाली गाडीचे दिवे लागत होते, विझत होते, आणि प्रत्येक वेळी हिरवट पाणी उजळून पुन्हा काळं होत होतं. हॉर्नचा आवाज घोगरा होत गेला, गुळण्या केल्यासारखा झाला, आणि शेवटी थांबला. भुरा कुत्रा तेव्हा कुठे भुंकला.

पंचनामा झाला. आलेल्या माणसानं पहिला प्रश्न विचारला, "गॅरेजचं माप काय होतं?" उकंडरावांनीच उत्तर दिलं, "तायडे साहेबाचं नऊ फूट दोन इंच बरोबर होतं. बाकीचं आमचं चुकलं."

रात्री संघर्षचा फोन आला. सुवर्णाबाईंनीच उचलला.

"डॉक्टरची तारीख रद्द कर," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाबाचं डोकं जागेवर हाय. जमीन सरकली होती." मग फोन ठेवून त्या बराच वेळ जानरावांच्या पाठीवर पडलेल्या पत्र्याच्या ओरखड्याला हळद लावत बसल्या, आणि त्यांच्याकडे न पाहताच म्हणाल्या, "मले बी दोन दिवस शंका आली होती. तुमच्यापासून कायले लपवू." जानराव म्हणाले, "मले तं तीन आठवडे आली होती."

ते दोघं त्या रात्री गाढ झोपले. गाडी गेली, गॅरेज गेलं, पण घरात पुष्कळ दिवसांनी शांत वाटत होतं.

सकाळी ऊन तापायच्या आत फाटक वाजलं. उकंडराव होते. हातात अर्ज नव्हता, चष्माही नव्हता. चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसाचा होता. ते आत आले नाहीत, फाटकाला धरून उभे राहिले.

"जानराव भाऊ, तुमची टेप हाय काय?"

"हाय. काऊन?"

"आमच्या देवघराचं दार," उकंडराव म्हणाले. मग घुटमळले. "कालपासून लागून नाई राह्यलं. मले वाटलं लाकूड फुगलं. पन आज सकाळी दिवा लावला, अन् तो... वारा खालून येते भाऊ. जोत सारखी वर पळते. तुमी एकडाव मोजून द्या ना. तुमी म्हनसान ते."

जानराव टेप आणायला वळले. मग थांबले. काल धुळीतून वाकून पाहताना त्यांना विहिरीचा पलीकडचा काठ दिसला नव्हता. दगडी बांधकाम कुंपणाच्या भिंतीखालून तसंच पुढं गेलं होतं, उकंडरावांच्या घराकडे.

"मोजणं राहू द्या," जानराव पायांत चपला सरकवत म्हणाले. "वहिनी कोठी हायेत?"

"देवघरात. पूजेले बसली."

"हाक मारू नोका. पळत बी जाऊ नोका," जानराव म्हणाले, आणि त्यांचा हात धरला. "हळू जाऊ. भिंतीच्या कडे-कडेनं."